जखमी कोंबडीला सुरी नको, शुश्रूषा हवी

परसातल्या कोंबडीला कुत्र्याने धरले, मांजराने ओरबाडले किंवा पाय मोडला की बहुतेक घरांत एकच निर्णय होतो. थोडी माहिती आणि घरातल्याच चार वस्तू हाताशी असतील, तर यांतल्या कितीतरी कोंबड्या वाचू शकतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. माझ्या थोरल्या जाऊबाई कोंबड्या खुराड्यात घेत होत्या. एक कमी भरली. तेवढ्यात कुंपणापलीकडे कुत्र्याची झटापट ऐकू आली. मुलांनी दगड मारून कुत्रे हाकलले, पण तांबडी कोंबडी करवंदीच्या जाळीत निपचित पडली होती. पाठीवरची पिसे गेली होती आणि तळहाताएवढी कातडी फाटून लोंबत होती.

सासूबाई म्हणाल्या, ''आता काय राहिलंय तिच्यात? रात्रीचं कालवण तरी होईल.''

जाऊबाई मात्र खाली बसल्या. ''थांबा आई, श्वास नीट चालू आहे तिचा. उद्या सकाळपर्यंत बघू.''

तांबडी ही त्यांची सर्वांत चांगली अंडी देणारी कोंबडी. अंड्यांचे पैसे त्या चहाच्या जुन्या डब्यात साठवतात आणि त्यातून मुलीच्या शिवणक्लासची फी भरतात. घरातला एवढाच पैसा असा, ज्याचा हिशोब त्यांना कोणी विचारत नाही. त्या रात्री त्यांनी जे केले, ते पाहून मला वाटले की ही माहिती सर्वांपर्यंत पोहोचायला हवी.

परसातली कोंबडी ही किरकोळ गोष्ट नव्हे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरातील परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेलेली आढळली. झाबुआचा कडकनाथ असो, हैदराबादच्या संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराजा असो की आपली साधी गावरान, यांची देखभाल बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच करतात. कोंबडी गेली की तिच्याबरोबर पुढच्या कित्येक महिन्यांची अंडी आणि पिलेही जातात.

वेदना लपवणारा पक्षी

कोंबडीची एक सवय ध्यानात ठेवावी. ती दुखणे दाखवत नाही. कळपातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत लवकर भरतो आणि स्वतःच्याच कळपाकडूनही टोचला जातो. म्हणून मोठी जखम झाली तरी ती शक्य तितका वेळ उभी राहते, दाणे टिपल्यासारखे करते. ''चालते-फिरते आहे, म्हणजे ठीक आहे'' असे समजून आपण दुर्लक्ष करतो आणि दोन दिवसांनी ती मान टाकते. हल्ला झाल्याचा नुसता संशय आला, तरी कोंबडी हातात घेऊन पिसे बाजूला सारून पाहावे. मांजराच्या सुळ्याचे भोक तांदळाच्या दाण्याएवढे असते आणि पिसांखाली अजिबात दिसत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. दीड किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगात सारे मिळून सुमारे १०० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचा एक कपभर. त्यातले दोन-तीन मोठे चमचे गेले तरी तिच्या जिवाला धोका पोहोचू शकतो. त्यामुळे रक्त थांबवणे हे पहिले काम.

पहिली पंधरा मिनिटे

कोंबडीच्या मागे धावू नये. अंगावर हलकेच टॉवेल किंवा जुने लुगडे टाकून तिला उचलावे. डोके झाकले की ती शांत होते. पंख अंगालगत धरावेत, पण छाती आवळू नये. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा पिंजरा हलला तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट धरल्यामुळे हातातच गुदमरून कोंबडी मेल्याची उदाहरणे घडतात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटे एकसारखा दाब द्यावा. ''थांबले का'' म्हणून मध्येच उचलून पाहू नये, कारण धरू लागलेली गाठ त्याने सुटते. नख तुटले असेल, तुऱ्याला किंवा चोचीच्या टोकाला लागले असेल तर तुरटीची बारीक पूड चिमटीने दाबून धरावी. तुऱ्याची जखम दिसायला भयंकर वाटते, कारण तेथे रक्त फार खेळते, पण ती सहसा जिवावर बेतत नाही. खोल जखमेत मात्र तुरटी भरू नये.

रक्त थांबले की कोंबडीला इतरांपासून वेगळे करावे. हा नियम कधीही मोडू नये. लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तेथे टोचतात आणि एकदा रक्ताची चटक लागली की थांबत नाहीत. कुत्र्याच्या दातांतून वाचलेली कोंबडी रात्रीत आपल्याच खुराड्यात मेलेली सापडते, ती यामुळे.

पुठ्ठ्याचे खोके किंवा डालगे घ्यावे. तळाला स्वच्छ कापड किंवा वाळलेले गवत घालावे आणि ते घरातल्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर असते. धक्का बसला की ते झपाट्याने उतरते, म्हणून ऊब हवी. पूर्वी यासाठी खोक्यावर पिवळा बल्ब टांगत. आताचा एलईडी दिवा उजेड देतो, पण ऊब फारशी देत नाही. त्यापेक्षा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवावी. कोंबडीला नको वाटले तर दुसऱ्या कडेला सरकायला जागा राहिली पाहिजे.

तासाभराने कोमट पाणी द्यावे. पहिल्या दिवशी त्यात थोडा गूळ विरघळवला तर चांगले. पण चोच उघडून घशात पाणी ओतू नये. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. चोचीचे टोक वाटीत बुडवावे, पुढचे ती स्वतः करते.

जखम धुवावी कशी?

जाऊबाईंनी त्या रात्री पाणी उकळून कोमट केले आणि अर्ध्या लिटरला एक सपाट लहान चमचा या प्रमाणात मीठ घातले. जखम धुवायला याहून सोपे आणि निर्धोक पाणी घरात दुसरे नाही. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने हलक्या धारेने जखम धुवावी, म्हणजे माती, पिसे आणि कुत्र्याची लाळ निघून जाते. कडेची पिसे कात्रीने कापावीत, उपटू नयेत. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडिनचे औषध पाण्यात घालून बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाचे करावे आणि कापसाने लावावे. धुणे रोज एकदा पुरे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून बरे वाटते, पण रोज वापरल्यास त्याने नवी येणारी त्वचाही मरते.

आपल्याकडे जखमेत काय काय भरत नाहीत? चुलीतली राख, तंबाखू, चुना, रॉकेल, फिनाईल! यांतले काहीही कोंबडीला लावू नये. तिची कातडी कागदासारखी पातळ असते. जे लावाल ते अंगात मुरते. हळदीत जंतुनाशक गुण आहेत हे खरे. वरवरच्या खरचटण्यावर स्वच्छ हळद खोबरेल तेलात कालवून पातळसर लावायला हरकत नाही. खोल जखमेत मात्र हळदीचा लगदा भरू नये. वरून खपली धरते आणि आत पू साचतो. माणसांच्या वेदनाशामक मलमांपासूनही दूर राहावे. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'केन' येते, उदाहरणार्थ लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन, ते पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय पक्ष्याला लावू नये.

कातडी मोठी फाटली असेल तर टाके घालणे पशुवैद्यकाचे काम. ते पहिल्या काही तासांत झाले तर उत्तम. टाके घालणे शक्य नसेल तरी निराश होऊ नये. जखम स्वच्छ आणि ओलसर राहिली तर कोंबडीची कातडी कडेकडेने वाढत मोठी जागाही भरून काढते.

माशी हा खरा शत्रू

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उघडी जखम म्हणजे माशीला आमंत्रणच. माशी काही तासांतच अंडी घालते आणि एका दिवसात त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून खोक्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. जखमेच्या कडेला पिवळट पांढऱ्या कणांचा पुंजका दिसला तर ती अंडीच समजावीत आणि चिमट्याने लगेच काढून टाकावीत.

अळ्या पडल्याच, तर एकेक अळी चिमट्याने काढावी, मिठाच्या पाण्याची धार मारावी आणि दिवसातून दोन-तीनदा पुन्हा तपासावे. पुढचे औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालण्याची पद्धत आहे, पण कोंबडीला ते सोसत नाही. गावाकडे सीताफळाचा पाला वाटून लावतात. त्याच्या बियांची पूड मात्र घरात वापरूच नये. ती डोळ्यात गेली तर कोंबडीच्याच नव्हे, आपल्याही डोळ्याला गंभीर इजा होते.

दुखापत तशी काळजी

पाठीवरची पिसे झिजलेली आणि बाजूला ओरखडे असतील तर दोष बहुधा कोंबड्याचा. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवावा. त्याच्या पायाच्या आरेचे अणकुचीदार टोक कानशीने घासून बोथट करावे आणि जखम भरेपर्यंत त्याला वेगळे ठेवावे.

लंगडणाऱ्या कोंबडीचा पाय आधी नीट पाहावा. बोटांत केस, सुतळी किंवा संक्रांतीनंतर पडलेला मांजा गुंतलेला असतो. तो आवळत जाऊन बोट काळे पडते. कात्रीच्या बारीक टोकाने तो कापून काढावा. तळव्याला सूज आणि मध्ये काळी खपली असेल तर ते काट्यामुळे किंवा उंचावरून वारंवार उडी मारल्यामुळे झालेले गळू असते. वर दिसणारा काटा काढून पाय कोमट मिठाच्या पाण्यात रोज दहा मिनिटे बुडवावा. खपली घरी खणून काढू नये. बसण्याची काठी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणावी.

पायाचे पिसे नसलेले, खवल्यांचे हाड मोडले असेल तर बांबूच्या दोन पातळ कामट्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या घ्याव्यात, खाली कापूस ठेवावा आणि चिकटपट्टीने सैलसर बांधावे. पट्टीखालची बोटे रोज पाहावीत. सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली आहे, ती लगेच सोडावी. पक्ष्यांची हाडे लवकर जुळतात, साधारण तीन आठवडे पुरतात. हाड कातडीबाहेर आले असेल किंवा मांडीत मोडले असेल तर घरचा उपाय नको. पंख लोंबत असेल तर तो नेहमीसारखा मिटवून अंगालगत ठेवावा आणि कापडाच्या रुंद पट्टीने बांधावा. कोंबडी सहज श्वास घेते आहे ना, हे बांधून झाल्यावर पाहावे.

दोन लक्षणे पाहून घाबरायला होते. कातडीखाली हवा भरून अंग फुग्यासारखे फुगते, ते आतली हवेची पिशवी फाटल्यामुळे. आणि पाणी प्यायल्यावर गळ्याखालून पाणी किंवा दाणे बाहेर येतात, ते अन्नाची पिशवी फाटल्यामुळे. दोन्ही वेळा पशुवैद्यकाकडे न्यावे. अन्नपिशवी शिवता येते आणि शिवलेली कोंबडी पुढे चांगली जगू शकते.

जखम की आजार?

प्रत्येक खपली ही जखम नसते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती आणि चोचीजवळ मसुरीएवढ्या खपल्या अनेक कोंबड्यांवर एकदम दिसल्या तर त्या देवीच्या असतात. मान पिळवटली गेली, पाय लुळे पडले, हिरवट हगवण लागली तर ''कुठे आपटली असेल'' असे समजू नये. ती मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते. त्यावर उपचार नाही, लस आहे आणि ती वेळेवरच टोचून घ्यावी लागते.

आणि भराभर कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना हात लावू नये, कापूही नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली, हे आपण विसरू नये. अशा वेळी लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

औषधे आणि अंडी

मांजराचा, कुत्र्याचा किंवा उंदराचा चावा वरून किरकोळ दिसला तरी पोटातून औषध लागते, कारण त्यांच्या दातांतले जंतू खोल जातात. हे औषध २४ तासांच्या आत सुरू झालेले बरे. पण आपल्या घरातल्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. डायक्लोफेनॅक ही आपल्या अंगदुखीची गोळी तर मुळीच नको. तिचा अंश असलेली मेलेली जनावरे खाऊन देशातली गिधाडे संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी तिच्या वापरावर बंदी घालण्यात आली.

प्रतिजैविके चालू असलेल्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्यकाला आवर्जून विचारावे. तेवढे दिवस ती अंडी घरात खाऊ नयेत आणि विकूही नयेत. त्या मुदतीत कोंबडीही कापू नये. दवाखाना दूर असेल तर १९६२ हा निःशुल्क क्रमांक लावावा. अनेक राज्यांत त्यावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते.

आपलीही काळजी घ्यावी. मलमपट्टी करताना हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कुत्रे सोडवताना ते आपल्याला चावले किंवा त्याची लाळ आपल्या ओरखड्याला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने ती जागा पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कोंबडी दुसऱ्या दिवशीही पशुवैद्यकाला दाखवता येईल, रेबीजच्या लसीला मात्र उशीर चालत नाही.

सगळ्याच वाचत नाहीत

हेही स्पष्ट सांगायला हवे. आतडी बाहेर आली असतील, पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय निकामी झाले असतील किंवा सारे करूनही दोन दिवसांनी कोंबडी पाण्याला चोच लावत नसेल, तर तिला ताटकळत ठेवणे ही माया नव्हे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिची लवकर सुटका करावी. आपण काय करू शकतो हे माहीत असले, की काय करू शकत नाही हेही ओळखता येते.

सुधारणाऱ्या कोंबडीला मऊ भात, उकडलेले अंडे आणि थोडी भिजवलेली डाळ द्यावी. पिसे प्रथिनांचीच बनलेली असतात, त्यामुळे या दिवसांत तिला पौष्टिक खाणे लागते. खपली पडून नवी पिसे फुटेपर्यंत तिला कळपात सोडू नये. आधी तीन-चार दिवस जाळीआड, इतरांना दिसेल असे ठेवावे आणि मग रात्रीच्या अंधारात हळूच काठीवर बसवावे. सकाळी सगळ्या बरोबर उठतात आणि मारामारी कमी होते.

आमच्या तांबडीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी खोके उघडले तेव्हा ती उभी होती. तालुक्याच्या दवाखान्यात पाच टाके पडले आणि औषध मिळाले. आमची सुट्टी संपेपर्यंत खपली धरली होती. अंडी मात्र तिने लगेच दिली नाहीत. जाऊबाईंचा फोन आला तो दोन महिन्यांनी. तांबडीने पुन्हा अंडे दिले होते. मधल्या काळात खुराड्याला नवे दार बसले होते आणि खालून कुत्र्याने उकरू नये म्हणून भोवती दगड पुरले होते.

फोनवर मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, ''तिला सांग, येताना शहरातून चांगली पट्टी आणि ते आयोडिन घेऊन ये. गावात कोणाचीही कोंबडी दुखावली की आता माझ्याकडेच आणतात!''